मोहटोल्यात आम्ही बसून राहिलो

चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यात ढोरांचा डॉक्टर होतो असं सांगितलं की समोरचा माणूस पहिल्यांदा वाघाची गोष्ट विचारतो. वाघानं फाडलेली गाय शिवली का? वाटेत वाघ आडवा आला का? दोन्ही झालेलं आहे. पण वाघ आडवा आला तेव्हा त्याला माझ्यापेक्षा जास्त घाई होती, आणि शिवलेली गाय पुढं बरीच वर्षं दांडगाई करत जगली. त्यात सांगण्यासारखं फार नाही. मला सांगायचंय ते वेगळंच. त्यात मी फारसं काही केलं नाही. एका गावात गेलो आणि बसून राहिलो. इतक्या वर्षांनी आजही ते आठवलं की मन हलकं होतं.

ही पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. वैनगंगेच्या पलीकडचं रानही चांद्यातच मोडायचं. मी मूल या गावच्या दवाखान्यात होतो. दवाखाना म्हणजे दोन कौलारू खोल्या आणि मागच्या अंगणात जनावर अडकवून उभं करायचा लाकडी खोडा. एका कार्तिकात नॅरोगेजच्या छोट्या रेल्वेगाडीतून सोनटक्के उतरला. जबलपूरला शिकून नुकताच पास झालेला, मूळचा अमरावतीचा. स्वतंत्र दवाखाना मिळण्याआधी त्यानं काही महिने माझ्या हाताखाली काढायचे होते. उंच, सडपातळ, परीटघडीचा पांढरा शर्ट. तो शर्ट पाहून मलमपट्टी करणारा आमचा ड्रेसर जानबा माझ्या कानाशी म्हणाला, "साहेब, हे कपडे खोड्यापाशी चार रोज नाई टिकत."

नवीन डॉक्टरला शिकवायचं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पुस्तकं तो माझ्यापेक्षा अलीकडची वाचून आला होता. पेनिसिलिनबद्दल मीच त्याला विचारायचो. मग माझ्याकडं देण्यासारखं काय होतं? एक म्हणजे हात, आणि दुसरं म्हणजे दम धरणं. जनावर बोलत नाही, मालक भरपूर बोलतो, आणि दोघांच्या मध्ये डॉक्टरनं काही वेळ नुसतं उभं राहायचं असतं. सोनटक्केला हे उभं राहणं जमत नसे. पोतडी उघडून तो आधीच सुई शोधायला लागायचा.

हाताचं शिक्षण त्याला सिंदेवाहीकडच्या एका म्हशीनं दिलं. भागरथाबाई नावाची एकटी बाई होती. तिची म्हैस आदल्या दिवसापासून अडली होती. धान कापून झालेल्या बांधीत, म्हणजे खाचरात, म्हैस पडलेली, भोवती निम्मं गाव. मी सोनटक्केला म्हटलं, "तू बघ." त्यानं बाह्या सरसावल्या, साबण लावला, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि थोड्या वेळानं पांढऱ्याफटक चेहऱ्यानं माझ्याकडं पाहिलं.

"साहेब, वाटच नाही. पिल्लू आहे, पण वाट नाही."

"वाट कशी आहे ते हातानं सांग. ओल्या धोतराला पीळ घालावा तशी?"

त्यानं डोळे मिटले. "होय. तशीच. उजवीकडं फिरलेली."

म्हशीच्या गर्भाशयाला कधीकधी असा पीळ पडतो. आत पिल्लू तयार असतं, पण पिशवीचं तोंडच पिळवटलेलं. ओढून काही होत नाही. ओढलं तर दोघंही जातात. उपाय साधा आणि दिसायला अगदी वेडगळ. म्हशीचे पाय बांधायचे, आणि पीळ ज्या बाजूला असेल त्याच बाजूला तिला झटक्यानं लोळवायचं. आतली पिशवी जड असल्यानं मागं राहते, म्हशीचं शरीर फिरून तिला गाठतं आणि पीळ सुटतो. सुटला तर.

आम्ही दोर मागवले, आठ-दहा गडी लावले आणि म्हशीला लोळवलं. भागरथाबाईनं आकांत केला. "माह्या म्हशीचा जीव जाऊन राह्यला अना तुमी तिले लोळवता काऊन? हे डाक्टर होत का पैलवान?"

पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. सोनटक्के चिखलात पालथा पडून हात घालून तपासत होता, मान हलवत होता. मी म्हटलं, "पुन्हा. या वेळी सगळ्यांनी एकदम." गड्यांनी जोर लावला, म्हैस पलटली, आणि सोनटक्के ओरडला, "सुटला! साहेब, सुटला! हात आत गेला!" त्याच क्षणी पाणमोट फुटून त्याच्या अंगावर आली. त्या पांढऱ्या शर्टाचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. वगार जिवंत निघाली. भागरथाबाई म्हशीच्या गळ्यात पडून रडली, मग सोनटक्केकडं वळून म्हणाली, "खरवस खायले येजो बाबू. तुह्या सायबाले नोको आनू, तो लय दरडावते."

त्या दिवसापासून सोनटक्के बदलला. मला बरं वाटलं, आणि थोडी धास्तीही. पहिलं यश मिळालेल्या डॉक्टरला सगळ्या गाठी सुटतील असं वाटायला लागतं.

होळी झाली आणि बुळकांडीच्या बातम्या येऊ लागल्या. हा रोग आता फारसा ऐकू येत नाही, नव्या डॉक्टरांपैकी बऱ्याच जणांनी तो पाहिलाही नाही. त्यांनी तो पाहू नये. जनावराला ताप भरतो, डोळ्यांतून नाकातून पाणी गळतं, हिरड्यांवर कोंडा टाकल्यासारखे पांढरे ठिपके येतात, मग घाण वासाचे जुलाब सुरू होतात आणि बहुतेक जनावरं आठवड्याच्या आत जातात. एका गोठ्यात शिरला की गाव रिकामं करून निघतो. पलीकडच्या रानात हे संकट फार वेगळं होतं. तिथली गोंड माणसं गाईचं दूध काढत नसत. ते वासराचं, असं मानत. ढोर म्हणजे नांगर. ढोरं गेली की पावसाळ्यात धान लावायचं कशानं?

यावर लस होती. काचेच्या कुपीत भुकटी यायची. ती मिठाच्या पाण्यात विरघळवून त्याच दिवशी संपवायची, आणि तोवर थंड ठेवायची. बर्फ चांद्याहून छोट्या गाडीनं यायचा, लाकडाच्या भुश्यात आणि पोत्यात गुंडाळलेला. मूलला पोचेपर्यंत निम्मा पाणी झालेला असे. तो थर्मासात कोंबून, रेंगीत, म्हणजे दोन माणसं कशीबशी बसतील अशा हलक्या बैलगाडीत घालून पुढं निघायचं. चैत्रातल्या उन्हात बर्फ सांभाळणं हे तान्हं मूल सांभाळण्यापेक्षा कठीण.

आणि या लशीचा एक स्वभाव होता. ती टोचल्यावर चार दिवसांनी जनावराला ताप यायचा, चारा सुटायचा, क्वचित शेण पातळ व्हायचं. मग आपोआप उतार पडायचा. तो ताप म्हणजे लस लागू झाल्याची खूण. हे आम्हाला माहीत होतं, पण गावकऱ्याला कसं पटणार? त्याचं धडधाकट जनावर तुम्ही टोचता आणि ते आजारी पडतं.

मला सावलीकडची गावं करायची होती, म्हणून नदीपलीकडच्या मोहटोल्याला मी सोनटक्केला पाठवलं. बरोबर जानबा. मोहटोला हे गोंडांचं गाव, रानाच्या पोटात. तिथला पाटील दसरू मडावी. त्या गावानं पूर्वी एकदा लस नाकारली होती. शेजारच्या कुठल्याशा गावी रोग आधीच शिरलेला असताना लस टोचली गेली, ढोरं मेली, आणि सुईनंच मेली असा बोभाटा झाला होता.

पुढं काय झालं ते जानबानं सांगितलं. दसरूनं सोनटक्केला विचारलं, "सुई टोचून तू आपल्या गावी जाशील. ढोर मेलं तं मी कोनाले पकडू?" यावर सोनटक्के म्हणाला, "मी जातच नाही. ढोरं बरी होईपर्यंत मी इथी राहीन." गाव त्या शब्दावर तयार झालं. एकूणएक जनावर टोचून झालं.

चार दिवस गेले आणि जानबा सायकल दामटत मूलला आला. सायकलवरून उतरताच म्हणाला, "साहेब, ढोरं बसली. सगळीच. सोनटक्के साहेब तिथंच आहेत, मले पाठवलं."

"ताप येणारच होता," मी म्हटलं.

"हो जी. पन रानवाहीत बुळकांडी लागली."

रानवाही म्हणजे मोहटोल्याच्या अलीकडचं गाव. दोन्ही गावांची ढोरं एकाच नाल्यावर पाणी पीत. हे ऐकून मी पोतडी भरायला घेतली. रोग अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत काही दिवस जातात. म्हणजे लस टोचली त्या दिवशी मोहटोल्याच्या ढोरांत तो आधीच शिरलेला असेल, तर तोही नेमका आताच दिसणार. तापलेलं, चारा सोडलेलं जनावर लशीनं तापलंय की रोगानं, हे पहिल्या दिवशी पाहून सांगता येत नाही. एक वाट बरं होण्याची, दुसरी मरणाची, आणि दोन्हींची सुरुवात अगदी सारखी.

जानबाला घेऊन डोंग्यातून वैनगंगा ओलांडली. रानवाहीवरून जाताना गिधाडं पाहिली. एका झाडावर किती बसू शकतात याची कल्पना मला तेव्हा आली. एक म्हातारा पायवाटेवर उभा राहून माझ्या पोतडीकडं पाहत होता. मी थांबलो नाही. जे जनावर पडलंय त्याला देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

मोहटोल्यात पोचलो तेव्हा गाव कामात होतं. मोह वेचून आणून सडा घातलेल्या अंगणांत वाळत टाकला होता, सगळीकडं त्याचा गोड, जड वास. आणि झाडांखाली ढोरं बसलेली, कान पडलेले. सोनटक्के एका बैलाजवळ उकिडवा होता. दाढी वाढलेली. मला पाहून तो उठला आणि पहिलंच वाक्य बोलला, "साहेब, यांना सांगा ना की हा लशीचा ताप आहे. तुम्ही सांगितलं तर ऐकतील."

"आहे का?"

तो पुन्हा बैलाकडं वळला.

आम्ही एकेक जनावर पाहिलं. ओठ उलटून हिरड्या पाहिल्या, डोळे पाहिले, शेण पाहिलं. बहुतेकांची तोंडं स्वच्छ. काहींना पातळ होत होतं. दसरूची बायको जैनीबाई हिचा तांबडा बैल सगळ्यांत वाईट होता. त्याच्या खालच्या हिरडीवर एक लालसर चट्टा. ठिपके नव्हते, पण ठिपक्यांच्या आधी असाच चट्टा येतो.

दसरू आला. ठेंगणा, पांढऱ्या मिशांचा माणूस, खांद्यावर कुऱ्हाड. ती त्याच्या खांद्यावर नेहमीच असे, पण त्या दिवशी माझं लक्ष तिच्यावरून हटत नव्हतं. त्यानं विचारलं, "डाक्टर, तू मोठा आहेस. सांग. वाचतीन का मरतीन?"

सोनटक्के माझ्याकडं डोळे लावून उभा होता.

मी म्हटलं, "दसरूभाऊ, आज मले सांगता येत नाही. लशीचा ताप असन तं उतरन. रोग आधीच आत शिरला असन तं नाई उतरनार. दोन-तीन दिवसांत समजन. तोवर मीही इथीच बसतो."

दसरूनं कुऱ्हाड दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि निघून गेला. तो दिसेनासा झाला तसा सोनटक्के भडकला. "साहेब, धीर द्यायला तुम्हाला बोलावलं मी! एवढंच म्हणायचं होतं!"

"आणि उद्या बैल मेला तर? या रानातलं एकही गाव पुन्हा सुई टोचून घेणार नाही. आणि तू जो शब्द दिलास, त्याची किंमत राहणार नाही."

तो माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलला नाही. पण काम त्यानं थांबवलं नाही. तांदळाची पातळ पेज, तिला ते लोक जावा म्हणतात, बाया मडक्यांतून आणत होत्या आणि तो बांबूच्या नळीनं ढोरांना पाजत होता. घाईनं ओतू नकोस, फुप्फुसात जाईल, एवढं मी सांगितलं, आणि ते त्यानं ऐकलं.

दुसऱ्या सकाळी एक गाय मेली. दसरूचीच, म्हातारी, हाडांचा सापळा. गाव गोळा झालं. कोणी आरडाओरडा केला नाही. सगळे आमच्याकडं पाहत उभे राहिले. आरडाओरडा परवडला असता.

मी दसरूला म्हटलं, "मले ही गाय फाडू दे. सगळ्यांसमोर. आत काय आहे ते तूही पाय."

त्यानं मान डोलावली. गावाबाहेर नेऊन मी आणि सोनटक्केनं गाय उघडली. बुळकांडीनं मेलेल्या जनावराच्या मोठ्या आतड्यात, अगदी शेवटाला, पट्ट्यापट्ट्यांनी रक्त साखळलेलं दिसतं. सोनटक्केनं आतडं चिरलं, पाण्यानं धुतलं, दोन्ही हातांनी पसरून धरलं. स्वच्छ. कुठंही पट्टा नाही. आम्ही दोघांनी ते दोनदा पाहिलं. मग यकृत कापलं तर आतून चपटे, पानासारखे जंत बाहेर आले. धानाच्या पाणथळीत चरणाऱ्या ढोरांना होतात ते. कित्येक महिने ते तिला आतून खात होते.

सोनटक्के हळूच म्हणाला, "म्हणजे रोग नाही, साहेब."

"हिच्यात नाही."

दसरू वाकून जंत पाहत होता. त्यानं विचारलं, "म्हनजे सुईनं नाई मेली?"

सोनटक्के बोलायला गेला आणि थांबला. मला वाटलं, आता हा सोपं तेवढं सांगून टाकेल. पण तो म्हणाला, "दसरूभाऊ, जंतांनी तिले पोकळ केलं होतं. पण सुईच्या तापानं शेवटचा धक्का दिला. ताप आला नसता तं ती आनखी काही महिने जगली असती. मी टोचण्याआधी तिले नीट पाहायले पायजे होतं."

असं बोलायला मी त्याला शिकवलं नव्हतं. निदान तोंडानं तरी नाही.

दसरू सरळ झाला. म्हणाला, "पावसाळा नसता काढला तिनं. मले मालूम होतं. मीच सांगितलं नाई तुले." आणि लोकांकडं वळून गोंडीत काहीतरी बोलला. लोक पांगले. काय बोलला ते मी विचारलं नाही.

त्या दिवशी दुपारी आम्ही मोहाच्या झाडाखाली बसलो होतो. ऊन चटके देत होतं. मला डुलकी लागत होती तेवढ्यात सोनटक्केनं माझं मनगट धरलं. "साहेब. तांबडा. तोंड बघा."

जैनीबाईचा बैल बसल्या जागी तोंड हलवत होता. खालचा जबडा एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, सावकाश. गळ्यातून एक गोळा वर सरकताना दिसला आणि पुन्हा जबडा चालू झाला. रवंथ. आजारी ढोर सगळ्यात आधी रवंथ सोडतं आणि बरं व्हायला लागलं की सगळ्यात आधी रवंथ धरतं. थर्मामीटर लावायची गरज नव्हती. तरी सोनटक्केनं लावला. ताप उतरला होता. चट्टाही फिकट झाला होता.

जैनीबाई ओंजळभर मोहफुलं घेऊन आली. बैलानं हुंगली, आणि जिभेनं ओढून घेतली. ती खाली बसली आणि दोन्ही तळवे बैलाच्या कपाळावर ठेवून काही वेळ तशीच राहिली. संध्याकाळपर्यंत इतर झाडांखालीही जबडे हलू लागले. मी गावभर चालत फिरलो. नुसता तो आवाज ऐकत. दसरू एका ओसरीवर बसला होता. त्यानं हातानं बाजूला जागा दाखवली. मी बसलो. तो म्हणाला, "आता कवा उठशील?" मी म्हटलं, "आता उठतो." तो पोट धरून हसला. त्याची कुऱ्हाड भिंतीला टेकवलेली होती.

रानवाहीची मात्र मला आजही खंत आहे. तिथले लोक मोहटोल्याची ढोरं चरताना पाहून सुई मागायला आले, पण तोवर टोचण्यासारखी फार थोडी जनावरं उरली होती. त्यांना टोचलं. पावसाळ्यात मोहटोल्याच्या बैलजोड्या रानवाहीच्या बांध्यांत चालल्या, असं मागाहून कळलं. तेवढाच दिलासा.

परतताना वैनगंगेच्या काठी डोंग्याची वाट पाहत बसलो होतो. जानबा झाडाखाली आडवा झाला होता. सोनटक्के कपड्यांसकट पाण्यात उतरला, डोकं बुडवलं, वर आला आणि मोठ्यानं हसत सुटला, काहीही कारण नसताना. मलाही हसू आवरेना. मग तो निथळत येऊन माझ्याशेजारी वाळूत बसला.

"साहेब, खरं सांगा. तुम्हाला खरोखरच माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"मग रात्री तुम्ही इतके शांत झोपलात कसे? मी टक्क जागा होतो. तुमच्याकडं पाहून वाटलं, साहेब झोपलेत म्हणजे तसं काही नसणार. म्हणून पहाटे मलाही झोप लागली."

डोंगा पलीकडच्या काठावरून सुटला होता.

"झोपलो नव्हतो," मी म्हटलं. "डोळे मिटून पडलो होतो. तू पाहतोयस हे कळत होतं मला."